फोटो काढू का?

लोकलच्या डब्यात तुम्हाला आजवर कोण कोण भेटलं आहे? कोथिंबिरीच्या जुड्या निवडणाऱ्या मावशी, क्लिपा आणि कानातली विकणाऱ्या ताई, उभ्या उभ्या डुलक्या काढणारे काका? मला एकदा एकाच डब्यात, अगदी समोरासमोर, मारुतीराय आणि परग्रहावरचा योद्धा असे दोघं भेटले. खोटं वाटतं ना? पण अगदी खरं आहे. तारीख होती १२ एप्रिल २०२५, वार शनिवार. त्या दिवशी हनुमान जयंती होती आणि त्याच दिवशी मुंबईत कॉमिक कॉनही भरलं होतं.

त्या दिवशीची हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे. तिच्यात गंमत आहे, थोडी माहिती आहे आणि माझ्या हातून झालेली एक चूकसुद्धा आहे. बाईंची चूक म्हटल्यावर कसे कान टवकारलेत पाहा!

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी नवी मुंबईत, नेरूळला राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. त्या वर्षी माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. शाळेचं काम आटोपलं की माझा एकच छंद, फोटो काढणं. कॅमेरा जुना आहे, दुसऱ्याकडून विकत घेतलेला. पण त्याला एक लांबलचक लेन्स आहे, दूरचं जवळ आणणारी. नेरूळमध्ये राहणाऱ्या छांदिष्टाला ती लागतेच. का, ते सांगा पाहू?

बरोबर, फ्लेमिंगो! आपल्या मराठीत त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. थंडीच्या सुमारास हे गुलाबी पाहुणे ठाण्याच्या खाडीत हजारोंनी उतरतात आणि पावसाळा जवळ आला की निघून जातात. खाडीचा काही भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२मध्ये त्याचं नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलात चरतात. भरतीचं पाणी चढलं की चिखल झाकला जातो, मग ते नेरूळकडच्या पाणथळींवर येऊन एका पायावर विसावतात. करावे गावाजवळच्या पाणथळीवर मी कितीतरी सकाळी काढल्या आहेत. झुडपाआड बसायचं, श्वास रोखायचा, लांब लेन्स लावायची आणि पक्ष्याला कळायच्या आत बटण दाबायचं. पक्ष्याला कळलं तर तो बिचकतो, उडतो. त्यामुळे न कळू देता फोटो काढणारा तोच चांगला फोटोग्राफर, असं माझं पक्कं मत झालं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता मी कॉमिक कॉनला कशी निघाले? माझ्याकडे पूर्वी शिकून गेलेली, आता नववीत असलेली दोन मुलं रस्त्यात भेटली. म्हणाली, "बाई, तुम्ही नेहमी पक्ष्यांचेच फोटो काढता. एकदा कॉमिक कॉनला जा. तिथली माणसं फ्लेमिंगोपेक्षा रंगीत असतात!" मग काय, मी तिकीट काढून मोकळी झाले.

डब्यातले दोन वीर

सकाळी साडेआठच्या सुमारास नेरूळला बायकांच्या डब्यात चढले. शनिवार असल्यामुळे बसायला जागा मिळाली. शेजारच्या बाकावर आईच्या मांडीवर चार-पाच वर्षांचे मारुतीराय बसले होते. अंगात केशरी झबलं, गालांना शेंदरी रंग, कमरेला वायरची शेपटी आणि हातात फुग्यासारखी गुबगुबीत गदा. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून आई म्हणाली, "ताई, याचा एक फोटो काढा ना. अहो, पहाटे पाचपासून तयार करतेय याला." मी कॅमेरा उचलला मात्र, मारुतीरायांनी गदा तोंडापुढे धरली. आई म्हणे, "अरे, हास ना!" गदा काही हलेना. शेवटी मी तसाच फोटो काढला. केशरी गदा आणि तिच्या मागे दोन कान! डब्यातल्या सगळ्या जणी हसल्या. मीही हसले.

एवढ्यात जुईनगर आलं आणि दारातून एक योद्धा आत शिरला. डोक्यावर चकचकीत रुपेरी हेल्मेट, डोळ्यांच्या जागी इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खाच, छातीवर, खांद्यांवर, मांड्यांवर चिलखताचे तुकडे, पाठीवर मळकट झूल. आणि खांद्याला अडकवलेल्या कापडी पिशवीतून मोठ्या कानांचं एक हिरवं बाळ डोकावत होतं. लोकरीनं विणलेलं!

डबा एकदम गप्प झाला. मग दाराजवळ टोपली घेऊन बसलेल्या एका कोळीण मावशींनी विचारलं, "काय गो पोरी, कंच्या नाटकान काम करतंस?" हेल्मेटच्या आतून घुमल्यासारखा आवाज आला, "नाटक नाही मावशी, कॉमिक कॉनला चाललेय." "म्हंजे जत्रा?" "हो, जत्राच!" मावशींचं समाधान झालं. त्यांनी टोपली सरकवून योद्ध्याला उभं राहायला जागा करून दिली. वाशीच्या पुलावर गाडी आली तेव्हा मारुतीरायांनी गदा खाली केली होती आणि ते टक लावून योद्ध्याकडे बघत होते. चेंबूरला उतरताना त्यांनी गदा उंच करून योद्ध्याला सलाम ठोकला. योद्ध्यानंही छातीवर मूठ ठेवून मान झुकवली. कोण कुठला मारुती आणि कोण कुठला योद्धा, पण एका वीरानं दुसऱ्याला बरोबर ओळखलं!

तुमच्यातल्या काहींनी त्या योद्ध्याला ओळखलं असेल. २०१९मध्ये आलेल्या 'द मँडलोरियन' या मालिकेतला तो नायक. तिच्या चाहत्यांचा लाडका 'मँडो'. त्याच्या पंथाचा एक कडक नियम असतो. कुणाही समोर हेल्मेट काढायचं नाही. हेही लक्षात ठेवा.

ही जत्रा आली कुठून?

कुर्ल्याला उतरून मी शेअर रिक्षानं वांद्रे-कुर्ला संकुलात, जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरला पोचले. दाराशी ही लांब रांग. रांगेत उभ्या उभ्या तुम्हाला थोडा इतिहास सांगून टाकते.

आवडत्या पात्राचा पोशाख करून मिरवण्याच्या या छंदाला 'कॉस्प्ले' म्हणतात. कॉस्च्यूम म्हणजे पोशाख आणि प्ले म्हणजे खेळ, यांचा हा जोडशब्द. शब्द इंग्रजी वाटतो, पण तो घडवला जपान्यांनी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. छंद मात्र त्याहून जुना. १९३९मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातल्या माणसांसारखे पोशाख घालून गेले. दोन्ही पोशाख मर्टलबाईंनी शिवलेले होते. पुढे १९७०मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला कॉमिक्सचं संमेलन सुरू झालं, तर १९७५मध्ये टोकियोला 'कॉमिकेट' ही जत्रा.

भारतातलं पहिलं कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११मध्ये दिल्ली हाटला भरलं. त्या वेळी जीवनगौरव पुरस्कार कुणाला दिला असेल? 'अमर चित्र कथा' आणि 'टिंकल' तुमच्या आईबाबांच्या हाती देणाऱ्या अनंत पै यांना, म्हणजे सगळ्यांच्या 'अंकल पैं'ना. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २४ फेब्रुवारी २०११ला ते आपल्यातून गेले. पुढे ही जत्रा मुंबईतही भरू लागली.

आणि आपल्या मराठी मुलखाला सोंगं काय नवीन आहेत होय? पोलिसाचा वेष करून दारात उभा राहणारा आणि घरच्यांची भंबेरी उडवणारा बहुरूपी तुमच्या आजी-आजोबांनी नक्की पाहिला असेल. कोकणात दशावतारी नाटकं आहेत. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे आदिवासी बांधव बोहाड्याच्या उत्सवात देवांचे आणि राक्षसांचे मोठमोठे मुखवटे घालून वाद्यांच्या तालावर नाचतात. मुखवटा चढला की गावातला नेहमीचा माणूस तेवढ्यापुरता देव होतो. त्या कोळीण मावशींनी 'जत्रा' म्हटलं ते काही चुकीचं नव्हतं.

आत शिरल्यावर

आत गेले आणि डोळे कुठे ठेवू आणि कुठे नको, असं झालं. गवती टोपीवाले लफी तर पावलोपावली. तोंडात बांबूचा तुकडा धरलेली नेझुको. एक बाबा स्पायडरमॅन आणि त्यांच्या कडेवरचं तान्हंही स्पायडरमॅन! कॉमिक्सचे, खेळण्यांचे, चित्रांचे स्टॉल. तिकिटावर एक कॉमिक मिळालं, तेही पिशवीत गेलं. शिकारी शंभू मात्र शोधूनही सापडला नाही. आणि आपला फास्टर फेणेही नाही! बन्या व्हायला तर एक सायकल आणि जिभेचा तो 'टॉक्क' आवाज एवढंच पुरे. तुमच्यापैकी कुणी मनावर घेईल का?

मी धडाधड फोटो काढायला लागले. पण काही फोटोंवर काळे आडवे पट्टे उमटत होते. वाटलं, कॅमेरा बिघडला! कारण नंतर कळलं, पण आत्ताच सांगते. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून परत येते. त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचा पडदा फार झपाट्यानं उघडला-मिटला तर दिव्याचा मंद झालेला क्षण पट्ट्यासारखा फोटोत पकडला जातो. उडणाऱ्या पक्ष्यांच्या सवयीनं मी पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवला होता. तो शंभराव्या भागावर आणला की पट्टे गेले.

दुपार झाली. पाय दुखायला लागले. म्हणून एका कोपऱ्यात भिंतीला टेकले, आणि समोर पाहिलं तर गर्दीपलीकडे, खांबाच्या आडोशाला, सकाळचा आपला योद्धा जमिनीवर फतकल मारून बसलेला!

हेल्मेट काढलेलं होतं. आत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती. केस घामानं कपाळाला चिकटलेले, नाकावर हेल्मेटचा लाल वळ. डब्यातली पोळीभाजी खात होती. हिरवं बाळ शेजारी बसवलेलं. आणि मांडीवर उताणं ठेवलेलं ते रुपेरी हेल्मेट, त्याच्या आतल्या बाजूला काय दिसलं असेल? खोक्याचा पुठ्ठा, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं, 'हापूस'!

माझा हात आपोआप लांब लेन्सकडे गेला. श्वास रोखला. खटक. तिला कळलंही नाही. पडद्यावर फोटो पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. थकलेला चेहरा, अर्धी पोळी, चिलखत, बाळ, 'हापूस'. सगळं जिथल्या तिथे, प्रकाशसुद्धा कसा बाजूनं आलेला! इतक्या वर्षांत मी असा फोटो काढला नव्हता. मला तर तो एखाद्या स्पर्धेत लागलेलाच दिसू लागला.

मान वर केली तर ती माझ्याकडे बघत होती.

काकू, तो फोटो काढून टाका

ती उठून आली. मागोमाग तिचा मामेभाऊही आला, पाण्याची बाटली आणि चिकटपट्टी घेऊन. "काकू, आत्ता माझा फोटो काढलात का?" (काकू! पण ते जाऊ द्या.) मी म्हटलं, "हो गं, इतका सुंदर आलाय! बघ तरी." तिनं पाहिला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, प्लीज काढून टाका."

मी म्हटलं, "अगं, पण सकाळपासून तुझे सगळेच जण फोटो काढतायत की!"

"ते मँडोचे," ती म्हणाली. "मँडो कुणासमोर हेल्मेट काढत नाही. हा माझा आहे. आणि मला तुम्ही विचारलं नव्हतं."

आता तुम्हाला खरं सांगते. तेवढ्या एका क्षणात माझ्या मनात काय काय येऊन गेलं! वाटलं, एवढ्या गर्दीत बसल्यावर फोटो निघणारच. वाटलं, पडद्यावरून नाहीसा केल्यासारखं दाखवावं आणि ठेवून द्यावा, तिला कुठे कळणार आहे? वर्गात कुणी रबर ढापलं तर त्याच्यासमोर बसून खरेपणाचे धडे देणारी मी! शेवटी कॅमेरा तिच्यापुढे धरला, फोटो पुसायचं बटण दाखवलं आणि तिलाच दाबायला सांगितलं. तिनं दाबलं. गेला फोटो. वाईट वाटलं का? वाटलं. आजही थोडं वाटतं.

ती मात्र एकदम मोकळी झाली. म्हणाली, "आता मी हेल्मेट घालते. मग काढा पाहिजे तेवढे!"

नंतर मला कळलं, की हा नियम या छंदातल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. जपानच्या कॉमिकेटमध्ये पोशाखातल्या माणसांसाठी ठरवून दिलेल्या जागा असतात. फोटोवाले तिथे रांग लावतात आणि विचारूनच फोटो काढतात. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४मध्ये मोठाले फलक लावले होते. त्यांचा अर्थ असा, की वेष केला म्हणजे होकार दिला असं नाही. पक्ष्याला विचारता येत नाही, म्हणून लपून काढायचा. माणसाला विचारता येतं, मग लपायचं कशाला?

चिलखताचं गुपित

खाली बसून आमच्या गप्पा सुरू झाल्या. मुलगी दहावीची. १७ मार्चला परीक्षा संपली आणि तिथून सव्वीस दिवसांत तिनं हे सगळं घरी बनवलं. कसं, ते ऐका.

आधी फर्मा करायचा. अंगाभोवती स्वयंपाकघरातला पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचा. त्यावर चिकटपट्ट्यांचा थर द्यायचा, पेननं चिलखताच्या रेघा मारायच्या आणि मग कुणीतरी जपून तो कापून काढायचा. सपाट केला की झाला आपल्या मापाचा फर्मा! तो फोमच्या शीटवर ठेवून तुकडे कापायचे. हा फोम तुमच्या ओळखीचाच आहे. लहान बाळांसाठी जमिनीवर अंथरतात ती रंगीत, एकमेकांत अडकवायची चौकोनी चटई असते ना, तिच्यातला. गरम हवा मारली की तो मऊ होतो. हवा तसा वाकवायचा आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचा, मग तो तो आकार सोडत नाही. जोडायला चपला चिकटवायचा गोंद. तो दोन्ही तुकड्यांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं. घाई केली की सुटलाच! वास उग्र असतो, म्हणून हे काम गच्चीवर. गरम हवेचं यंत्र आणि धारदार पाती मोठ्या माणसाशिवाय हातात घ्यायची नाहीत, हे मी तुमची बाई म्हणून सांगते.

रंग देण्याआधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात द्यायचे, नाहीतर फोम सगळा रंग पिऊन टाकतो. मग आधी काळा रंग आणि त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं रुपेरी. खाचांमध्ये काळा राहतो, उंचवट्यावर रुपेरी बसतो, आणि फोमचं पोलाद होतं! धातूचं खरं हत्यार अशा जत्रेत चालत नाही. दाराशीच तपासतात.

"आणि तो हापूस?" मी विचारलं. ती हसली. तिचे बाबा एपीएमसी मार्केटात काम करतात, फळांच्या बाजारात. सीझन आंब्याचा. खोक्यांचा चांगला जाड पुठ्ठा त्यांनीच आणून दिला. हिरवं बाळ आजीनं विणलं. मालिकेतलं चित्र मोबाइलवर पाहून आजी म्हणाली होती, "कान केवढे गं याचे, थंडी वाजत असेल!" म्हणून बाळाला एक कानटोपीही विणली होती. ती पिशवीत होती. घालायला बाळाचे कान आड येत होते.

मग फोटो. भावानं मला पट्ट्यांचं ते गुपित सांगितलं, "काकू, शटर शंभरावर आणा." तिनं मला गर्दीपासून दूर, साध्या करड्या भिंतीपाशी नेलं. मला गुडघ्यावर बसवलं, कारण खालून फोटो काढला की योद्धा उंच आणि भारदस्त दिसतो. हेल्मेट चढलं आणि काय सांगू, मुलगी कुठे गेली कळलंच नाही! मान ताठ, पाऊल जड, एक हात बाळाच्या पिशवीवर. मी फोटो काढत गेले, दर खेपेला तिला दाखवत गेले. "हा नको, अंगठा दिसतोय. हा चालेल. हा ठेवा!" सतरा फोटोंतले चार तिनं ठेवले. ते तिच्या भावाच्या नंबरावर पाठवले आणि मगच तिथून हलले.

संध्याकाळी कुर्ल्याहून एकाच गाडीनं परतलो. भाऊ पुरुषांच्या डब्यात गेला. ती माझ्या समोर खिडकीपाशी बसली, हेल्मेट मांडीवर घेऊन. मानखुर्द गेलं, गाडी पुलावर आली. खाडीवर तांबूस ऊन पसरलं होतं आणि ते खिडकीतून तिच्या चिलखतावर पडलं होतं. ती हेल्मेटवर गाल टेकून गाढ झोपली होती. कॅमेरा माझ्या मांडीवरच होता. झाकण लावलेला.

जुईनगरला तिला उठवलं.

मंगळवारची गोष्ट

गोष्ट इथे संपली असती. पण घरी आल्यावर मी दिवसभराचे फोटो पाहत होते आणि सुरुवातीलाच आला गदेमागे लपलेला मारुती. फोटो काढायला आईनं सांगितलं होतं, हे खरं. त्यानं मात्र गदा तोंडासमोर धरून साफ 'नाही' म्हटलं होतं, आणि आम्ही सगळ्या हसलो होतो.

आणि मग मला आमच्या वर्गाची भिंत आठवली.

दरवर्षी आमच्याकडे विविध वेशभूषा स्पर्धा असते. त्या वर्षी वर्गातला एक मुलगा झाड झाला होता. पुठ्ठ्याचं खोड, कागदाची पानं. स्टेजवर चढताना खोड फाटलं, पानं गळाली आणि तो मध्येच रडायला लागला. तो रडतानाचा फोटो मी काढला होता. 'किती गोड!' म्हणून मीच तो मोठा छापून वर्गात लावला होता. तीन महिने तो भिंतीवर होता. सगळी मुलं येता-जाता त्याला 'पानगळ' म्हणून हाका मारायची. मीही एकदा हसले होते.

सोमवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. मंगळवारी शाळेत लवकर गेले. तो आल्यावर त्याला भिंतीपाशी बोलावलं आणि विचारलं, "हा फोटो इथे असलेला तुला आवडतो का रे?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. बराच वेळ विचार केला. मग मान हलवून म्हणाला, "नाही. तो दुसरा लावा ना बाई."

"कुठला दुसरा?"

"स्टेजच्या मागचा. झाड फाटायच्या आधीचा. त्यात माझ्या फांदीवर चिमणी आहे."

चिमणी? मला तर काहीच आठवेना. घरी जाऊन जुने फोटो उघडले. होता, खरंच होता. घाईत काढलेला, थोडा हललेला. हात पसरून उभं असलेलं झाड, चेहरा एकदम गंभीर, आणि डाव्या फांदीवर दोऱ्यानं बांधलेली कागदाची चिमणी. तीन महिने मी ती पाहिलीच नव्हती.

आता वर्गात तो फोटो आहे.